वृक्क, बस्ति आणि आमचे पूर्वज

इ. स. १९०७ सालीं वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांच्या पुढाकारानें अखिल भारतीय वैद्यसंमेलनाचा आरंभ नाशिकास झाला. पुढें देशभर नांवाजलेल्या ह्या संस्थेचा उगम गोदावरीच्या काठीं आहे, ही गोष्ट आज खुद्द नाशिककरांपैकीं थोड्यांच्याच स्मरणांत असेल. संमेलनें भरलीं, ठराव झाले, विद्यालयें निघालीं. परंतु एक वाद तेव्हां होता तसाच अजून चालू आहे. आमच्या पूर्वजांस शरीराचें ज्ञान कितपत होतें? एक पक्ष म्हणतो, सारें कांहीं होतें. दुसरा म्हणतो, कांहींच नव्हतें. दोन्ही पक्षांचा आवेश मोठा आणि मूळ ग्रंथांचें वाचन बेताचें. म्हणून सबंध शरीराची गोष्ट बाजूस ठेवून एकाच व्यवस्थेपुरता हा हिशेब तपासून पाहावा, असें आम्हीं योजिलें आहे. ती व्यवस्था मूत्राची. विषय चारचौघांत काढण्याजोगा नव्हे, असें कोणास वाटेल. पण ज्यानें मुतखड्याची कळ एकवार सोसली आहे, तो असा संकोच धरणार नाहीं.

प्रथम आजचें ज्ञान थोडक्यांत पाहूं. कण्याच्या दोन्ही बाजूंस, शेवटल्या बरगड्यांच्या आश्रयानें, घेवड्याच्या दाण्याच्या आकाराचीं दोन मूत्रपिंडें असतात. प्रत्येकाची लांबी सुमारें ११ सेंटिमीटर. हृदयांतून निघणाऱ्या रक्ताचा जवळजवळ पांचवा हिस्सा ह्या दोन लहानशा पिंडांकडे जातो. प्रत्येकांत सुमारें दहा लक्ष सूक्ष्म गाळण्या आहेत, आणि दोहोंतून मिळून दिवसाकाठीं सुमारें १८० लिटर द्रव गाळला जातो. त्यांतला दीड-दोन लिटर तेवढा मूत्ररूपानें बाहेर पडतो. बाकीचा, सारी साखर आणि बहुतेक मीठ यांसह, सूक्ष्म नलिका पुन्हां रक्तांत ओढून घेतात. घर आवरतांना एखादी काटकसरी गृहिणी सगळें सामान अंगणांत काढते आणि उपयोगाचें तेवढें निवडून आंत घेते, तशांतला हा प्रकार. मग मूत्र दोन मूत्रवाहिन्यांतून मूत्राशयांत उतरतें. मूत्राशय ही केवळ साठवणीची पिशवी. कारखाना वर आहे.

आतां सुश्रुत उघडावा. अश्मरीचें निदान व चिकित्सा सांगणारीं त्याचीं प्रकरणें वाचतांना मन थक्क होतें. शस्त्र न केल्यास मृत्यु निश्चित आणि केल्यास जगण्याचा संशय, म्हणून आधीं राजाची अनुज्ञा घ्यावी, असें तो बजावतो. मग तेल लावलेलीं, नखें काढलेलीं डाव्या हाताचीं दोन बोटें गुदमार्गानें घालून खडा खालीं आणावा; शिवणीच्या डाव्या बाजूस एक जवभर जागा सोडून खड्याच्या मापाचा छेद घ्यावा; खडा फुटूं देऊं नये, कारण एखादा कण मागें राहिला तरी तो पुन्हां वाढतो. कोणत्या आठ ठिकाणीं शस्त्र लागतां कामा नये, ह्याचीही यादी त्यानें दिली आहे. रोमन ग्रंथकार सेल्सस यानें पहिल्या शतकांत अशाच क्रियेचें वर्णन केलें आहे; पण सुश्रुताची सावधगिरी पाहून असें वाटतें कीं, हें लिहिणाऱ्याच्या हाताखालून खरेखुरे रोगी गेले असले पाहिजेत. घरीं बसून हें सुचत नाहीं.

पण ह्या मूत्राशयांत मूत्र येतें कोठून? येथें मात्र सुश्रुताची वाट निराळी होते. पक्वाशयाकडून असंख्य सूक्ष्म नाड्या मूत्र आणतात, आणि नवा घडा तोंडापर्यंत पाण्यांत बुडवून ठेविला असतां जसा बाजूंनीं पाझरून भरतो, तसा बस्ति भरतो, असें तो म्हणतो. दृष्टांत सुंदर आहे. कुंभाराकडून कोरी घागर आणून कोणीही पडताळून पाहावा. फक्त शरीरांत तसें घडत नाहीं. आणि वृक्क? ते त्यास ठाऊक होते. ते दोन आहेत, रक्त आणि मेद यांच्या सारापासून उत्पन्न होतात, असें तो सांगतो. मेदोवह स्रोतसांचें मूळ सांगतांना चरकानें व त्यानें वृक्कांचें नांव घेतलें आहे. पुढें शार्ङ्गधरानें तर पोटांतल्या मेदाचें पोषण हेंच त्यांचें काम ठरविलें. मूत्रपिंड चरबीच्या जाड आवरणांत बसलेलें असतें, हें खाटकाच्या दुकानीं आजही दिसतें. म्हणजे डोळ्यांनीं जें पाहिलें तें खरें होतें. शेजारावरून धंदा ठरविला, तेथें चूक झाली.

असें कां व्हावें? आमचा एक तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा. प्रेत गवतादिकांनीं गुंडाळून, पिंजऱ्यांत घालून, एकांतीं वाहत्या पाण्यांत ठेवावें, आणि सात रात्रींनंतर काढून वाळ्याच्या किंवा बांबूच्या कुंचल्यानें हळूहळू घासून एकेक थर पाहावा, अशी सुश्रुताची रीत. सांधे आणि हाडें पाहण्यास ती चांगली. पण आठवडाभर पाण्यांत कुजलेल्या उदरांत वीतभराहून थोडी लांब, बोरूहून बारीक आणि मऊ अशी मूत्रवाहिनी हातीं लागणें कठीण. शिवाय प्रेत मूत्र तयार करीत नाहीं. ग्रीकांतही ॲस्क्लेपिआडीससारखे वैद्य मूत्र वाफेच्या रूपानें मूत्राशयांत शिरतें असें मानीत होतेच. दुसऱ्या शतकांत गेलन यानें जिवंत जनावराच्या मूत्रवाहिन्या बांधल्या. मूत्राशय रिकामा राहिला, वरच्या नळ्या तट्ट फुगल्या. गांठ सोडतांच मूत्र खालीं उतरलें. ह्या प्रयोगांत क्रौर्य आहे, तें झांकण्याचें कारण नाहीं. पण प्रश्न असा विचारण्याची रीत आमच्या ह्या ग्रंथांत आढळत नाहीं.

कित्येक विद्वान् म्हणतात, सुश्रुतानें मूत्रवह स्रोतसें दोन सांगितलीं आहेत, त्याच ह्या मूत्रवाहिन्या; आणि अथर्ववेदांतील मूत्र मोकळें होण्याच्या सूक्तांत आंतडीं व बस्ति यांच्या जोडीस 'गवीनी' हा शब्द द्विवचनीं आलाच आहे. द्विवचन पाहून कोणासही मोह व्हावा. परंतु सुश्रुत त्या दोन स्रोतसांचें मूळ बस्ति आणि मेढ्र असें देतो, वृक्क देत नाहीं. यज्ञपशु कापणारांनीं त्या दोन नळ्या पाहिल्या असतील, हें संभवतें. पण पाहणें निराळें आणि कार्य ओळखणें निराळें.

पाश्चात्त्यांची बढाईही मापानेंच घ्यावी. गेलननंतर जवळजवळ दीड हजार वर्षें वृक्काच्या आंत काय आहे हें कोणास कळलें नाहीं. १६६६ मध्यें मालपिगी यानें सूक्ष्मदर्शकाच्या साह्यानें त्यांतले गोल कण वर्णिले. त्या कणांचा मूत्रनलिकांशीं असलेला सांधा बोमन यानें १८४२ मध्यें दाखविला. मुंबईचें ग्रँट मेडिकल कॉलेज निघालें १८४५ त. म्हणजे भाऊ दाजी लाड आणि त्यांचे सहाध्यायी तेथें शिकावयास बसले, तेव्हां हें ज्ञान लंडनांतही तीनच वर्षांचें होतें! पुढें इंग्रजी वैद्यक शिकलेल्या मंडळींनींच जुने ग्रंथ उजेडांत आणिले. डॉ. अण्णा मोरेश्वर कुंटे यांनीं १८८० मध्यें मुंबईस 'अष्टांगहृदय' छापविलें, डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांनीं 'सार्थ वाग्भट' मराठींत आणिला. दोन्ही विद्या एकाच मेजावर ठेवून वाचणारीं हीं माणसें. आजच्या दोन्ही आवेशी पक्षांस त्यांची आठवण करून द्यावीशी वाटते. कलकत्त्याचे गणनाथ सेन हेही त्याच जातीचे. त्यांनीं १९१३ मध्यें 'प्रत्यक्षशारीरम्' लिहून नव्या शारीरास संस्कृत नांवें दिलीं, आणि मूत्रवाहिनीसाठीं अथर्ववेदांतला तो जुना शब्द उचलला.

१९९८ मध्यें नाशिक येथें महाराष्ट्र आरोग्यविज्ञान विद्यापीठ स्थापन झालें. आधुनिक वैद्यक आणि आयुर्वेद हीं दोन्हीं त्याच्या एकाच छत्राखालीं आहेत. आयुर्वेदाचा विद्यार्थी तेथें घड्याचा दृष्टांतही शिकतो, आणि शवच्छेदाच्या मेजावर चरबी बाजूस सारून वृक्कापासून बस्तीपर्यंतची ती नळी स्वतःच्या चिमट्यानें मोकळीही करितो. त्याच्या वहींत तिचें नांव 'गवीनी' असेंच असतें.