बुडबुडे थांबले म्हणजे बिअर झाली का?

हेडफोन लावलेत ना? आज एका काचेच्या बाटलीची आणि एका तरंगणाऱ्या नळीची गोष्ट.

समजा, पिंपभर बिअर आंबायला ठेवलीय. ती तयार झाली हे ओळखायचं कसं? इडलीचं पीठ आपण नुसतं बघतो. फुगलं, आंबूस वास आला, झालं! अठराव्या शतकातले इंग्लंडमधले ब्रूअरही तेच करायचे. फेस फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा वर यायचा, मग खाली बसायचा. वास घ्यायचा, चव बघायची. हा अंदाज बाप मुलाला शिकवायचा.

पण एक मुलगा ऐकेना. हॅम्पशायरमधल्या ऑल्टन गावचा जेम्स बॅव्हरस्टॉक. १७६८ च्या सुमारास त्यानं हायड्रोमीटर आणला. कडक दारूवर कर बसवणारे अधिकारी हे उपकरण आधीपासून वापरत होते, पण बिअरच्या धंद्यात ते कोणाला नको होतं. त्याच्या वडिलांनाही असली नवी खेळणी पसंत नव्हती. मग काय, त्यांच्या नजरेआड प्रयोग!

डेअरीत दुधात लॅक्टोमीटर सोडतात ना, तसंच हे. साखर विरघळलेला रस जड असतो, त्यात नळी उंच तरंगते. यीस्ट साखर खातं, तिचा अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड करतं. रस हलका होतो, नळी खाली जाते. पाणी १.००० धरलं, तर १.०५० वर सुरू झालेली बिअर साधारण १.०१२ च्या आसपास थांबते.

लंडनचे बडे ब्रूअर सॅम्युअल व्हिटब्रेड यांच्याकडे तो हे घेऊन गेला. त्यांनी त्याला सरळ घरी पाठवलं. हेन्री थ्रेल या दुसऱ्या ब्रूअरनं मात्र रस घेतला. पुढे १७८४ साली हल शहरातल्या जॉन रिचर्डसननं यावर पुस्तकच काढलं आणि उपकरणाला नाव दिलं 'सॅकरोमीटर', म्हणजे साखर मोजणारा. मोजल्यावर कळलं, की तपकिरी माल्ट स्वस्त दिसतो, पण त्यातून साखर कमी निघते. फिकट माल्टच परवडतो! पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशोब एका नळीनं खोटा पाडला.

आता बाटलीकडे येऊ. ब्रिटनमध्ये १९६३ साली घरी बिअर करायला लागणारं लायसन्स रद्द झालं. अमेरिकेत १९७८ चा कायदा १९७९ पासून लागू झाला. तोच जुना प्रश्न आता घराघरात शिरला. बुडबुडे थांबले म्हणून बाटल्या भरल्या, तर? आत साखर उरली असेल तर यीस्टचं काम चालूच राहतं. लिटरमागे फक्त ४ ग्रॅम साखर आंबली, तरी जवळपास १ लिटर वायू तयार होतो. तो बंद बाटलीत जाणार कुठे? काच फुटते, आणि तुकडे डोळ्यात जाऊ शकतात.

बुडबुडे दोन्हीकडून फसवतात. झाकण सैल असेल तर काम चालू असूनही दिसत नाहीत. खोली तापली तर काम संपल्यावरही दिसतात, कारण रसात विरघळलेला वायू बाहेर पडतो. म्हणून नियम साधा: लागोपाठ दोन-तीन दिवस मोजा. आकडा हलला नाही तर थांबलं. पण थांबलं म्हणजे संपलं असंही नाही हं! थंडीत यीस्ट गारठून १.०२० वरच बसू शकतं. म्हणून आकडा स्थिर हवा आणि अपेक्षेइतका खालीही हवा.

आपल्याकडे महाराष्ट्रात परवान्याशिवाय दारू बनवणं गुन्हा आहे, तेव्हा ही गोष्ट फक्त ऐकायची!

मला यात आवडतं ते हे: बॅव्हरस्टॉकनं वडिलांची जीभ खोटी ठरवली नाही. चव कशी आहे ते जीभच सांगते. साखर किती उरली, हे मात्र तिला नेमकं सांगता येत नाही. तेवढं एक त्यानं नळीला विचारलं.

भेटू पुढच्या भागात. तोवर ऐकत राहा!