कोंबडीच्या आहारात कीटक : किती, कोणते आणि कोठून?

राजस्थानात जयपूरहून आग्र्याकडे जाणाऱ्या महामार्गावर बस्सी हे तहसिलीचे गाव आहे. राज्याच्या गोठित वीर्य पेढीमुळे पशुपालन क्षेत्राला ते परिचित आहे. या परिसरात पावसाची पहिली चांगली सर पडली, की हलक्या जमिनीतून संध्याकाळी हुमणीचे भुंगेरे बाहेर पडतात आणि कडुनिंब, बोर व खेजडीच्या (शमीच्या) पाल्यावर जमतात. त्यांच्या अळ्या पुढे भुईमुगाची मुळे कुरतडतात. हुमणीवरील अखिल भारतीय संशोधन प्रकल्पाचे समन्वय केंद्रही जयपूरमधील दुर्गापुरा येथेच आहे. ही कीड महाराष्ट्रातील ऊस व भुईमूग उत्पादकांनाही नवी नाही. रात्री झाडे हलवून भुंगेरे गोळा करायचे आणि रॉकेलमिश्रित पाण्यात टाकून मारायचे, हा उपाय दोन्हीकडे सांगितला जातो.

शेतकऱ्याला नकोशी असलेली हुमणी कोंबडीला मात्र प्रिय असते. नांगराच्या तासामागे बगळे, साळुंक्या आणि कोंबड्या धावतात ते उघड्या पडलेल्या अळ्यांसाठी. परसात मोकळी फिरणारी कोंबडी वाळवी, नाकतोडे, अळ्या वेचूनच आपली प्रथिनांची गरज भागवत आली आहे. बंदिस्त कुक्कुटपालनात हे खाद्य बंद झाले आणि त्याची जागा मका व सोयाबीन पेंडीने घेतली. पेंडीचे दर भडकल्याने २०२१ साली केंद्र सरकारला जनुकीय परिवर्तित सोयाबीनची १२ लाख टन पेंड आयात करण्यास परवानगी द्यावी लागली होती.

कीटकांकडे पुन्हा लक्ष जाण्यास दरापेक्षाही मोठे कारण आहे. पक्ष्यांची वाढ व्हावी आणि आतड्याचे विकार टळावेत, म्हणून खाद्यातून अल्प मात्रेत प्रतिजैविके देण्याची पद्धत जगभर रूढ झाली होती. त्यातून औषधांना न जुमानणारे जिवाणू तयार होतात आणि त्याची झळ माणसालाही पोहोचते. युरोपीय संघाने वाढीसाठी प्रतिजैविके वापरण्यास १ जानेवारी २००६ पासून बंदी घातली. भारताने २०१९ मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या पशुपक्ष्यांत कोलिस्टिन या अखेरच्या उपायाच्या औषधाचा वापर बंद केला. औषध काढून घेतल्यावर आतडे कशाच्या आधारावर निरोगी ठेवायचे, हा प्रश्न तेव्हापासून अधिक तीव्र झाला आहे.

या संदर्भात सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळीचा. वाळवलेल्या अळीत साधारण ४० टक्के प्रथिने असतात आणि स्निग्धांशही भरपूर असतो. त्यात लॉरिक आम्लाचे प्रमाण मोठे असते. खोबरेल तेलातील मुख्य मेदाम्लही हेच. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जिवाणू कोंबडीच्या आतड्याला जखमा करणाऱ्या आंत्रदाहाचे कारण आहे. अशा जिवाणूंना लॉरिक आम्ल आवर घालते. कीटकाच्या कवचातील कायटिन कोंबडीला अजिबात पचत नाही, असा समज पूर्वी होता. तिच्या ग्रंथिल जठरात कायटिन फोडणारे विकर असल्याचे आता स्पष्ट झाले आहे. जे कायटिन पचत नाही, ते अल्प प्रमाणात असल्यास अंधनालातील उपयुक्त जिवाणूंचे खाद्य ठरते.

येथे ‘अल्प’ हा शब्द महत्त्वाचा आहे. इटलीतील तुरीन विद्यापीठाच्या संशोधकांनी ब्रॉयलर पक्ष्यांच्या खाद्यात या अळीचे पीठ ५, १० आणि १५ टक्के मिसळून पाहिले. १५ टक्क्यांवर लहान आतड्यातील रसांकुरांची उंची घटली, म्हणजे अन्नरस शोषणारा पृष्ठभागच कमी झाला. ५ टक्क्यांवर मात्र अंधनालातील जिवाणूंमध्ये अनुकूल बदल आढळले. तेव्हा पेंड पूर्णपणे हटवून अळ्यांवर पक्षी पोसण्याच्या घोषणांकडे सावधपणे पाहिलेले बरे. कीटक हे औषधही नव्हे. खुराडे दमट असेल, पाणी अस्वच्छ असेल, तर मूठभर अळ्यांनी काही साधणार नाही.

कीटक कोठून येतो, हा मुद्दा तर त्याहून निर्णायक आहे. मे २०२० मध्ये टोळधाड जयपूर शहरावर आली आणि त्याच सुमारास अमरावती, नागपूर जिल्ह्यांतही पोहोचली. पाकिस्तानातील ओकारा येथे त्या वर्षी फवारणी न झालेल्या क्षेत्रातील टोळ रात्री पकडून कोंबडीखाद्यासाठी विकत घेण्यात आले. प्रयोग कल्पक होता, परंतु कीटकनाशक फवारलेल्या भागात तो करता येत नाही. हुमणीलाही हेच लागू होते. फवारलेल्या झाडावरचे किंवा रॉकेलमध्ये बुडवलेले भुंगेरे कोंबडीपुढे टाकणे म्हणजे विष देणे होय. बाजरीच्या कणसावरील हिंगे (सोसे) तर वेचूच नयेत. त्यांच्या अंगातील कॅन्थरिडिन हे द्रव्य आतड्याच्या अस्तराला भाजून काढते.

खुराड्यातील भुंगेऱ्यांबाबतही गैरसमज आहे. गादीच्या भुशात वाढणारे काळे भुंगेरे कोंबड्या आवडीने खातात, पण ते साल्मोनेलाचे जंतू वाहून नेतात आणि काही पट्टकृमींचे मधले यजमानही असतात. तेथे फुकटचे खाद्य म्हणून समाधान मानणे महागात पडते.

म्हणून भरवशाचा मार्ग उरतो तो स्वतंत्र पैदाशीचा. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या भाजीपाल्याच्या अवशेषांवर दोन-तीन आठवड्यांत तयार होतात. त्यांना उबदार व दमट हवा लागते. बस्सीच्या कोरड्या उन्हाळ्यात सावली आणि पाणी, तर थंडीत ऊब पुरवावी लागेल. कोकणात हे काम त्या मानाने सोपे आहे. अळी ज्यावर वाढते त्यातील कॅडमियमसारखे जड धातू तिच्या शरीरात साठतात. त्यामुळे शहरी मिश्र कचरा किंवा गटारालगतचा भाजीपाला तिला देऊ नये. काढणीनंतर अळ्या उकळत्या पाण्यातून काढून वाळवल्यास जंतूंचा धोका बराच कमी होतो. युरोपीय संघाने २०२१ मध्ये कोंबड्यांसाठी कीटक प्रथिनांना परवानगी देतानाही अळ्यांना काय खाऊ घालावे याचे बंधन कायम ठेवले.