हिरवळीची हजामत

माणसाने गवत कापायला सुरुवात केली ती गुरांसाठी, हे मी समजू शकतो. पण गवत कापायचं, ते गुरांना घालायचं नाही, पुन्हा वाढावं म्हणून त्याला खतपाणी करायचं आणि वाढलं रे वाढलं की पुन्हा कापायचं, हा उद्योग ज्याला प्रथम सुचला त्याच्याकडे नोकर भरपूर असले पाहिजेत. आणि ते होतेच. अठराव्या शतकात लॅन्सलॉट ब्राऊन नावाच्या बागवानाने इंग्लंडातल्या उमरावांच्या वाड्यांना थेट उंबऱ्यापर्यंत हिरवळ नेऊन भिडवली. अर्थ उघड होता : आमच्याकडे इतकी जमीन आहे की तिच्यात काही पिकवलं नाही तरी आमचं अडत नाही!

हे विळ्या-कोयत्यांवर आणि मेंढ्यांवर चाललं होतं तोवर मध्यमवर्ग सुखी होता. १८३० साली एडविन बडिंग या ग्लॉस्टरशायरच्या कारागिराने घात केला. कापडगिरणीत लोकरीच्या कापडावरची लव कातरायचं यंत्र असे. ते पाहून त्याने गवत कातरायचं यंत्र केलं आणि पेटंटाच्या अर्जातच लिहून टाकलं की, सद्गृहस्थांनी हे स्वतः चालवलं तर करमणूक होईल आणि व्यायामही. दर शनिवारी घामाघूम होणारे आमचे जावईबापू या वाक्याचे दीडशे-दोनशे वर्षांनंतरचे बळी आहेत.

अमेरिकेने हे वेड इंग्लंडकडून घेतलं आणि वाढवलं. गवताचं बीसुद्धा बाहेरचं. ज्याला ते केंटकी ब्लूग्रास म्हणतात ते युरोपातून आलेलं. केंटकीचा त्याच्याशी संबंध, आमच्या मुंबईचा ‘बाँबे डक’ मासळीतल्या बदकाशी असतो तेवढाच. पहिल्या महायुद्धात अध्यक्ष विल्सन यांनी व्हाईट हाऊसच्या हिरवळीवर मेंढ्या सोडल्या आणि त्यांची लोकर रेड क्रॉससाठी लिलावात विकली. या साऱ्या इतिहासात शहाणपणाचा प्रसंग मला एवढा एकच सापडला. १९४७ पासून न्यूयॉर्कजवळ लेव्हिटटाऊनची घरं उठली, तिथे गवत आठवड्यातून एकदा कापणं कराराने बंधनकारक होतं. काळ्या माणसाला घरात राहू द्यायचं नाही हेही सुरुवातीच्या करारांत होतं. गवत काय नि शेजारी काय, सगळं एका मापाचं हवं!

२००५ साली क्रिस्टिना मिलेसी या संशोधक बाईंनी उपग्रहाच्या चित्रांवरून अंदाज बांधला, की अमेरिकेतली हिरवळ सुमारे १ लाख ६० हजार चौरस किलोमीटर आहे. म्हणजे अर्ध्या महाराष्ट्राहून जास्त. आणि तेवढ्यात एक कणीसही नाही.

मेरीलँडमध्ये आमच्या मुलीने घराच्या पुढची हिरवळ काढली तेव्हा मला बरं वाटलं, पण ती काय लावते आहे ते पाहून मी म्हटलं, ‘‘अगं, हे तर लव्हाळं!’’

‘‘बाबा, लव्हाळं नव्हे, सेज. कॅरेक्स.’’

एकाच घराण्यातलं. देठ बोटांत फिरवून पाहावा. गवताचा गोल लागतो, याच्या तीन कडा लागतात. हे पेनसिल्व्हानिया सेज तिथल्या ओकच्या रानात, कोरड्या सावलीत, आपोआप वाढणारं. वीतभर होतं आणि मग विंचरलेल्या केसांसारखं एका अंगावर पडतं. वर्षातून एकदा-दोनदा कापा, नाहीतर कापूच नका. तोटेही आहेत. बी सहजी उगवत नाही, म्हणून रोपं लावावी लागतात. भरून यायला दोनेक वर्षं लागतात, आणि पोरांनी रोज क्रिकेट खेळावं अशी ही जागा नव्हे. डेलावेअरच्या माउंट क्यूबा सेंटरने २०१८ ते २०२२ अशी चार-पाच वर्षं या कॅरेक्सचे सत्तर प्रकार लावून पाहिले. त्यांत पहिला नंबर कॅरेक्स वुडाय या प्रकाराचा आला.

दोन वर्षांच्या आतच सोसायटीचं पत्र आलं. ‘पुढील अंगण अव्यवस्थित दिसते, दुरुस्त करावे, अन्यथा दंड.’ मुलगी रडवेली झाली. खर्च केलेले पैसे, गुडघे टेकून लावलेली शेकडो रोपं, सगळं उपटायची वेळ. जावईबापू मुळात शांत. त्यांनी मेरीलँडचा २०२१ सालचा कायदा काढला. कमी पाणी, कमी औषधं लागणारी आणि पशुपक्ष्यांना उपयोगी अशी बाग करायला सोसायटीने अवास्तव आडकाठी करू नये, असं त्यात स्पष्ट आहे. तो जोडून उत्तर गेलं. त्यानंतर सोसायटीचं पत्र आलेलं नाही. सोसायट्यांच्या भाषेत याला संमती म्हणतात.

एक अडचण मात्र उरली. गणपतीला दूर्वा! जुन्या हिरवळीत हरळी चोरून उगवत असे, ती या लव्हाळ्यापायी गेली. समोरचे म्हातारे शेजारी तिला बर्म्युडा ग्रास म्हणतात आणि वैऱ्यासारखी उपटतात. चतुर्थीच्या सकाळी आमची ही त्यांच्या फाटकाशी परडी घेऊन उभी राहिली. औषध मारलेलं नाही ना, एवढं हिने मुलीकरवी विचारून घेतलं. आपल्या अंगणातलं तण कुणी हात जोडून मागतं आहे, हे त्यांना नीट कळेना. पण त्यांनी मुळासकट दोन बादल्या भरून दिलं, आणि पुढच्या आठवड्यात परत या म्हणाले.