साष्टीचें एक वर्ष : इ. स. १७३७

इ. स. १५३४ च्या तहानें पोर्तुगीजांकडे गेलेली साष्टी १७३७ च्या मार्चअखेर ठाणें पडतांच मराठ्यांची झाली, असें एका वाक्यांत सांगण्याचा प्रघात आहे. तो चुकीचा होय. वेसावें व वांद्रें त्या वर्षीं हातीं आलीं नाहींत. वेसावें १७३९ त पडलें. शिवाय मोहिमेचा उगम केवळ पुण्यांत नव्हता. धर्मच्छळाला कंटाळलेले मालाडचे अंताजी रघुनाथ कावळे व अंजूरचे गंगाजी नाईक यांनीं पेशव्यांकडे आधींपासून खटपट चालविली होती. मात्र अंजूरकरांची हकीकत जिंकणाऱ्या पक्षाच्या घरची, हें विसरूं नये. अंधेरी-बोरिवलीकडील ख्रिस्ती कुळें भाषेनें मराठीच. पुष्कळशीं तेथेंच राहिलीं. त्यांची बाजू पोर्तुगीज दप्तरांत व चर्चच्या जुन्या वह्यांत शोधावी लागेल.