ओपन आणि क्लोजच्या मधले तीन तास

सन 1974. लालबागच्या एका चाळीत, तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत तुम्ही पाहुणे म्हणून बसला आहात. रात्रीचे नऊ वाजताहेत. मोरीशेजारी वहिनी भाकऱ्या थापतेय. तिचा नवरा गिरणीत साचेखात्यात आहे. पहिली पाळी करून तो साडेतीनला सुटला. आत्ता जेवायला बसला होता, आणि अर्ध्या ताटावरून उठून गॅलरीत गेला. खालून कोणीतरी मटक्याचा आकडा ओरडतं, ‘‘ओपन सत्ता!’’

तो आत येतो. त्याने छक्का लावला होता. ‘‘एका आकड्याने हुकला,’’ तो तुम्हाला सांगतो, आणि त्याचे डोळे चमकतात. नीट बघा. पैसे गेलेत, पण त्याला हरल्यासारखं वाटतच नाही. थोडक्यात हुकलं म्हणजे जवळ आलोय, असं त्याचं मन त्याला सांगतंय. मटक्याच्या आकड्याला शेजारपाजार नसतो. सहाच्या जागी सात आला काय आणि एक आला काय, हार तेवढीच. पण दुसरा आकडा, क्लोज, बाराला आहे. मधले तीन तास त्याला गेलेले पैसे भरून काढायचे आहेत. गेलेल्या पैशांच्या मागे धावणं ही जुगाराच्या आजाराची सगळ्यांत ठळक खूण.

या गल्लीत आकडा नवा नाही. पूर्वी तो न्यूयॉर्कच्या कापूस बाजारातून तारेने येणाऱ्या भावांवर लागायचा. 1961मध्ये ते बंद झालं. 1962मध्ये कल्याणजी भगत आणि 1964मध्ये रतन खत्री यांनी मुंबईतच आकडा काढायला सुरुवात केली. तीन पत्ते निघतात, त्यांची बेरीज होते, बेरजेचा शेवटचा अंक तो आकडा. लागला तर रुपयाला नऊ रुपये. हिशेब इथेच करून बघा: शून्य ते नऊ या दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावलात, तर दहा जातील आणि नऊ परत येतील. रोज खेळणाऱ्याला बुडवायला तेवढं पुरतं.

आता खोलीभर नजर फिरवा. भिंतीवरच्या ‘कालनिर्णय’मध्ये प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेन्सिलीने बारीक आकडे लिहिलेत. मागचे आकडे लावून पुढचा काढता येतो, अशी त्याची खात्री आहे. फळीवर पसरलेलं वर्तमानपत्र पिवळं पडलंय, फक्त एक गोल तेवढा पांढरा उरलाय. तिथे तांब्याची कळशी असायची. ती ‘कल्हईला दिली’ होती. पगाराचं पाकीट घरी येतं ते आधीच फोडलेलं. भिशीचे पैसे थकलेत, पठाणाचं व्याज चढतंय आणि वहिनीला त्यातलं निम्मंही माहीत नाही. रविवारी खत्रीचा आकडा नसतो. त्या दिवशी तो विनाकारण पोरांवर खेकसतो.

तो बाहेर गेल्यावर वहिनी हळूच म्हणते, ‘‘दारूला शिवत नाहीत हो. खाडा नाही करत. मग घरात पैसा टिकत का नाही?’’

तोंडाला वास येत नाही, झोक जात नाही, म्हणून ही लत घराला सगळ्यांत उशिरा कळते. नेमके किती गेले, यावर जाऊ नका. लपवाछपवी, थापा, उसनवारी, ‘आता शेवटचं’ म्हणून पुन्हा लावणं आणि खेळ नसला की जीव कासावीस होणं, यांतलं दोन-तीन एकत्र दिसलं की थांबून विचारायचं.

या घरात पुढे काय होणार, ते तुम्हाला दिसतंय. गावाहून थोरले भाऊ येतील. देवावर हात ठेवून शपथ घ्यायला लावतील, सगळं देणं फेडायचे पैसे एका दमात त्याच्या हातात देतील आणि समाधानाने परत जातील. तिथेच चूक होते. कर्ज फिटलं की त्याची पत परत येते आणि काही महिन्यांत तो पुन्हा नाक्यावर असतो. त्याला शपथ मोडायची नसते. लतीपुढे शपथेचं चालत नाही. परळचं केईएम इथून जवळ आहे, पण यासाठी डॉक्टरकडे जायचं असतं हे 1974मध्ये कोणाच्या मनातही येत नाही. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हा विकार 1980मध्ये आला.

आता 2020नंतरच्या तुमच्या स्वतःच्या घरात या. चाळीच्या जागी टॉवर उभा आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर संसदेने ऑगस्ट 2025मध्ये बंदीचा कायदा केला, तरी सट्टा छुप्या वाटांनी चालतो, आणि लत कायद्याने सुटत नाही. मोबाइल पालथा ठेवला जातो. मध्यरात्री संडासात उजेड दिसतो. कर्ज देणाऱ्या अ‍ॅपवाल्यांचे फोन नातेवाइकांना येतात. क्लोज आणि पुढच्या ओपनमध्ये आता मिनिटभराचंही अंतर उरलेलं नाही.

म्हणून वहिनीला जे कोणी सांगितलं नाही, ते तुम्ही करा. हरल्या रात्री भांडू नका. सकाळी शांतपणे, एकट्याला गाठून, आपण काय पाहिलं तेवढंच सांगा. सगळ्या देण्यांची यादी त्यालाच लिहायला लावा. रोख हातात देऊ नका. हप्ते थेट सावकाराला किंवा बँकेला भरा. पगाराचं खातं काही काळ घरातल्या दुसऱ्याने सांभाळावं. दागिने आणि घराची कागदपत्रं सुरक्षित ठेवा. मानसोपचारतज्ज्ञाकडे सोबत जा. बोलून करायच्या उपचारांनी ही लत आटोक्यात येते. आणि कर्जात बुडालेला माणूस गप्प झाला तर स्पष्ट विचारा, ‘‘जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का?’’ विचारल्याने तो विचार मनात भरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. उत्तर ‘हो’ आलं तर त्याला एकटं सोडू नका, लगेच दवाखान्यात न्या.

सरकारची मानसिक आरोग्यासाठीची ‘टेली-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास, मोफत, मराठीतही मिळते. नंबर आजच लिहून ठेवा, आणि शंका असेल तर खात्री होण्याची वाट न बघता फोन करा.