चार हजारांसाठी पंधरा हजार

बाह्या वर करा. जुलै म्हटलं की आपल्याला पाऊस आठवतो, पण तुम्ही आता स्वित्झर्लंडमधल्या बाडेन गावात आहात, साल १९३९, आणि ऊन चांगलंच तापलंय. नाकात गंधकाचा वास शिरला ना? हे गाव गरम पाण्याच्या झऱ्यांचं आहे. सांधे धरलेली श्रीमंत मंडळी इथे डुंबायला येतात. तुम्ही त्या वाटेला जाऊ नका. सायकलींचा लोंढा निघालाय, त्याच्यामागून चला. तो ब्राउन बोव्हेरी कंपनीच्या कारखान्यात शिरतो.

आत पाऊल टाकलंत की गंधक विसराल. तेल, तापलेलं लोखंड, घाम. आणि एकसुरी, चढत जाणारी किंकाळी. शेजारचा माणूस तोंड हलवतोय, तुम्हाला अक्षरही ऐकू येत नाही. मान डोलवा आणि पुढे सरका.

समोरचं लांबलचक धूड म्हणजे न्यूशातेल शहराच्या वीजकेंद्रासाठी बांधलेलं गॅस टर्बाइन. आज त्याची चाचणी आहे. सुटाबुटातले पाहुणे जळणकक्षाकडे वळतात. ज्योत कुणाला बघायची नसते? तुम्ही मात्र उलट्या टोकाला या, जिथून हवा आत जाते. माझं ऐका, खरी करामत इकडे आहे.

तोंडाशी उभे राहा. शर्ट अंगाला चिकटतो, हातातला कागद सुटू पाहतो. हा कॉम्प्रेसर, हवा दाबणारा भाग. ही हवा आत पात्यांच्या तेवीस टप्प्यांतून जाते. प्रत्येक टप्प्यात एक फिरती ओळ आणि तिच्यामागे एक स्थिर. आता कवचाच्या कडेने चालत जा. सुरुवातीला गार आहे. मधे कोमट. शेवटाजवळ हात नुसता न्या, टेकवू नका. पाणी उकळेल त्याहूनही तिथली हवा तापलेली आहे. अजून ज्योतीपर्यंत पोचलेलीही नाही ती. नुसती दाबली गेल्याने इतकी तापली.

टेबलावर एखादं सुटं पातं दिसलं तर उचला, कोणी बघत नाहीये. बोट फिरवा. पुढची कड गोल, बोटाला मऊ लागणारी. मागची इतकी पातळ की जपावं लागतं. पाठीला हलकासा बाक. विमानाच्या पंखाचा हा धाकटा भाऊ, आणि तो असा घडायला तीसेक वर्षं गेली. इंग्लंडात चार्ल्स पार्सन्सने असेच कॉम्प्रेसर बांधले होते, पण पंखाचं शास्त्र तेव्हा हाताशी नव्हतं. ते शक्ती फार खात, म्हणून त्याने नाद सोडला.

अडचण हवेच्या स्वभावातच आहे. टर्बाइनमध्ये ती जास्त दाबाकडून कमी दाबाकडे आपण होऊन धावते. इथे तिला चढावर ढकलायचंय. गर्दीच्या वेळी दादरच्या पुलाचा जिना चढताना कठड्याला घासून चालणारा आधी दमतो, थांबतो, आणि मागची रांग तुंबते. पात्याला चिकटून जाणाऱ्या हवेचंही तसंच होतं. ती दमते, मागे फिरते, प्रवाह पात्यापासून सुटतो. याला स्टॉल म्हणतात. तो पसरला तर अख्खी हवा उलटी उसळते आणि तोफ उडाल्यासारखा आवाज होतो. म्हणून तेवीस टप्पे: प्रत्येकाने दाब जेमतेम सहा-सात टक्के वाढवायचा, हवेला दमू द्यायचं नाही. इथले इंजिनियर क्लॉड सायपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही वळणं पंखाच्या सिद्धान्तावरून बसवली. हाताशी काय, तर कागद, पेन्सिल आणि स्लाइड रूल.

गर्दीतले ते वृद्ध गृहस्थ बघा, ऐंशी वर्षांचे. ऑरेल स्टोडोला. टर्बाइनवरच्या त्यांच्या ग्रंथावर इंजिनियरांच्या पिढ्या वाढल्या, आणि आजची चाचणी त्यांच्या देखरेखीखाली आहे. उकाडा, आवाज, कशाचीही तमा न बाळगता ते उभे आहेत. त्यांना बघून तुम्हीही ताठ उभे राहाल.

आकडे येतात. टर्बाइन सुमारे १५,४०० किलोवॉट निर्माण करतं. त्यातले ११,४०० कॉम्प्रेसर एकटा गिळतो. उरले ४,०००, तेवढीच वीज. कार्यक्षमता साधारण १७.४ टक्के. नाक मुरडू नका! कॉम्प्रेसरची भूक एक तृतीयांशाहून जराशी जास्त वाढली असती, तरी हे सगळं धूड दिवसभर किंचाळून स्वतःलाच कसंबसं फिरवत राहिलं असतं आणि न्यूशातेलमध्ये एक दिवा लागला नसता. ते ४,००० किलोवॉट पात्यांच्या बाकातून आलेत. म्हणून म्हटलं, ज्योतीकडे नंतर बघा.

बाहेर पडलात तरी कानातला सूर लवकर जाणार नाही. ते यंत्र पुढे न्यूशातेलला गेलं आणि २००२ पर्यंत गरजेला चालू होत राहिलं. आता ते बिर गावातल्या कारखान्यात जपून ठेवलंय. कधी त्या बाजूला गेलात, तर हवा शिरते त्या टोकापासून बघायला सुरुवात करा.