शिक्का कोणाचा? हाँगकाँग करार आणि बीजिंगची संसद

आज हाँगकाँगला जायचंय. जॅकी चॅनच्या नाही, कागदपत्रांच्या हाँगकाँगला.

मी सॉफ्टवेअरवाला. कोड न वाचताच 'अप्रूव्ह' दाबणारी माणसं रोज बघतो. चीनच्या संसदेबद्दल, म्हणजे राष्ट्रीय लोक काँग्रेसबद्दल, माझं तेच मत होतं. निर्णय पक्ष घेणार, ही मंडळी हात वर करणार. मग १९८४ च्या करारावर एवढे सोपस्कार कशाला केले?

आधी थोडं मागे जाऊ. हाँगकाँग बेट इंग्रजांनी १८४२ च्या नानकिंग तहात घेतलं. (त्या युद्धामागच्या अफूतली बरीचशी माळव्यातली, मुंबई बंदरातून गेलेली. तो वेगळा एपिसोड होईल.) १८६० मध्ये कौलून घेतलं. न्यू टेरिटरीज मात्र १८९८ मध्ये ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, म्हणजे मुदत १९९७ पर्यंत.

१९ डिसेंबर १९८४ ला झाओ झियांग आणि मार्गारेट थॅचर यांनी बीजिंगमध्ये सह्या केल्या. त्याआधी नोव्हेंबरमध्येच लोक काँग्रेसच्या स्थायी समितीने मसुद्याला होकार दिला होता. मग १० एप्रिल १९८५ ला पूर्ण काँग्रेसने करार मंजूर केला, आणि त्याच दिवशी हाँगकाँगच्या 'मूलभूत कायद्या'साठी मसुदा समिती नेमायचंही ठरवलं. २७ मे ला मंजुरीपत्रांची अदलाबदल झाली.

मला वाटतं, कारण सरळ आहे. जुने तह बळजबरीचे, म्हणून आम्हाला मान्य नाहीत, असं चीन सतत सांगत होता. मग स्वतःचा करार तरी बिनचूक हवा ना! शिवाय समाजवादी देशात एक भांडवलशाही शहर ५० वर्षं ठेवायचं होतं. त्याची सोय १९८२ च्या राज्यघटनेत कलम ३१ घालून आधीच केली होती.

या सगळ्यात हाँगकाँगची माणसं कुठे होती? जून १९८४ मध्ये तिथल्या कार्यकारी परिषदेचे एस. वाय. चुंग दोन सहकाऱ्यांसह डेंग शियाओपिंगना भेटले. डेंगनी त्यांना फक्त व्यक्ती म्हणून भेट दिली, प्रतिनिधी म्हणून नाही. 'तीन पायांचं स्टूल' त्यांना नकोच होतं. इंग्रजांनी लोकांची मतं गोळा करायला खास कार्यालय उघडलं, पण मजकुरात काही बदलता येणार नाही, हेही सांगून टाकलं. पटलं तर घ्या, नाहीतर करारच नाही.

आणि खरी मेख करारातच आहे. चीनचं धोरण मूलभूत कायद्यात लिहायचं काम त्यात लोक काँग्रेसकडेच दिलंय. तो कायदा १९९० मध्ये झाला. त्याचा अर्थ लावायचा अधिकार कलम १५८ नुसार स्थायी समितीकडे. कुलूपही त्यांचं, किल्लीही त्यांचीच.

२०१७ मध्ये चीनच्या परराष्ट्र खात्याचा प्रवक्ता म्हणाला की तो करार आता फक्त ऐतिहासिक दस्तऐवज आहे, त्याला व्यवहारात काही अर्थ उरलेला नाही. २८ मे २०२० ला त्याच लोक काँग्रेसने हाँगकाँगसाठी राष्ट्रीय सुरक्षा कायदा करायचा ठराव केला. बाजूने २८७८, तटस्थ ६, विरोधात १.

तो एक कोण असेल, याचा विचार मी अजून करतोय.